सोनोग्राफीच्या अहवालातील स्वादुपिंडाचे माप आपल्या अंगकाठीशी कसे ताडून पाहावे

पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात यकृत, पित्ताशय आणि मूत्रपिंडे यांच्या शेजारी स्वादुपिंडाविषयी एखादी त्रोटक ओळ असते. बहुतेक वेळा तिथे ‘नॉर्मल’ एवढेच लिहिलेले असते. परंतु कधी ‘बल्की’ (म्हणजे भरदार, जाड), कधी ‘अ‍ॅट्रॉफिक’ (म्हणजे आक्रसलेले), तर कधी नुसते मिलिमीटरमधले आकडे येतात, आणि पोटाची कसलीही तक्रार नसलेला माणूस त्या एका शब्दापायी काळजीत पडतो. निरोगी प्रौढांमध्ये स्वादुपिंडाचे आकारमान माणसागणिक बरेच वेगळे असते आणि वय, लिंग, उंची, वजन व पोटातील चरबी लक्षात घेतल्यास त्यातला पुष्कळसा फरक समजू शकतो. सगळा मात्र नाही. हे ताडून पाहण्याचे काम क्रमाने कसे करावे, ते पुढे सांगितले आहे. रोगनिदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. इथे हेतू एवढाच, की अहवालातला आकडा वाचताना तो कोणत्या शरीराचा आहे हे विसरले जाऊ नये.

आधी आकडा कशाचा आहे ते पाहावे

स्वादुपिंड जठराच्या मागे, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या पातळीवर, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवे पसरलेले असते. त्याचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेले असते, धड कण्यावरून डावीकडे जाते आणि शेपूट प्लीहेपर्यंत पोहोचते. लांबी साधारणपणे 15 ते 20 सेंटिमीटर भरते. पाठ्यपुस्तकांत त्याचे वजन 70 ते 100 ग्रॅम दिलेले असते. मात्र फ्रान्समध्ये 684 प्रौढांच्या शवविच्छेदनांवरून तयार केलेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांत पुरुषांचे सरासरी वजन 144 ग्रॅम आणि स्त्रियांचे 122 ग्रॅम आढळते. अवयवाभोवतीची चरबी किती काढून टाकली, एवढ्यावरूनही वजनाचा आकडा बदलतो. त्यामुळे मोजण्याची पद्धत कळल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नये, हा पहिला नियम आहे.

सोनोग्राफीत सहसा वजन किंवा घनफळ मोजत नाहीत. तिथे डोके, धड आणि शेपूट या तीन ठिकाणी पुढून मागे असलेली जाडी मोजली जाते. प्रचलित वरच्या मर्यादा ढोबळमानाने डोक्यासाठी 30, धडासाठी 25 आणि शेपटासाठी 20 मिलिमीटर अशा धरल्या जातात. मधून जाणारी मुख्य नलिका सर्वसाधारणपणे 3 मिलिमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा असते. या मर्यादा सर्व प्रौढांसाठी सरसकट वापरल्या जातात, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. पंचविशीतला सहा फुटी मल्लखांबपटू आणि सत्तरीतल्या सडपातळ आजी यांना एकच पट्टी लावली जाते.

दुसरी गोष्ट अशी, की जाडी म्हणजे आकारमान नव्हे. काहींचे स्वादुपिंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचे असते, काहींचे डोके भरदार आणि शेपूट निमुळते असते, तर काहींचे डोके आणि शेपूट जाड व मधला भाग बारीक असतो. हे सगळे प्रकार निरोगी माणसांत आढळतात. शिवाय आतड्यातील वायूमुळे शेपूट अनेकदा दिसतच नाही, आणि माप तिरके घेतले गेले तर जाडी प्रत्यक्षापेक्षा जास्त भरते. धडाची जाडी 15 मिलिमीटर असताना मोजण्यात 3 मिलिमीटरचा फरक पडला, तर तो वीस टक्क्यांचा फरक होतो. म्हणून दोन वेगळ्या केंद्रांवर, दोन वेगळ्या हातांनी घेतलेल्या मापांत एवढी तफावत दिसली, तर अवयव वाढला किंवा आक्रसला असा निष्कर्ष काढू नये.

घनफळ काढायचे असेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. प्रत्येक छेदावर स्वादुपिंडाची कडा आखून क्षेत्रफळ काढतात, सर्व क्षेत्रफळांची बेरीज करतात आणि तिला दोन छेदांमधील अंतराने गुणतात. समजा, सर्व छेदांवरील क्षेत्रफळांची बेरीज 140 चौरस सेंटिमीटर आली आणि अंतर 5 मिलिमीटर, म्हणजे अर्धा सेंटिमीटर असेल, तर घनफळ 70 घनसेंटिमीटर होते. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून घनफळ काढण्याची जी सोपी रीत इतर काही अवयवांना चालते, ती या वेड्यावाकड्या अवयवाला नीट लागू पडत नाही. केवळ कुतूहलापोटी सीटी स्कॅन करून घेऊ नये, कारण त्यात क्ष-किरणांचा मारा सोसावा लागतो. दुसऱ्या कारणाने तो आधीच झालेला असेल, तर त्यावरूनच घनफळ काढता येते.

स्वतःची मापे नीट घ्यावीत

अहवालाशेजारी पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: वय, लिंग, उंची, वजन आणि कमरेचा घेर. उंची चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून मोजावी. वजन सकाळी, पोट रिकामे असताना करावे. कमरेचा घेर घेताना शेवटच्या बरगडीची खालची कडा आणि कमरेच्या हाडाची वरची कडा यांच्या बरोबर मध्यावर टेप ठेवावी आणि श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचावा. पँट किंवा साडी जिथे बांधतो तिथला घेर बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण पोट सुटलेल्या व्यक्तीत ती जागा खाली सरकलेली असते.

यांतून दोन संख्या काढता येतात. पहिली सर्वांच्या ओळखीची, म्हणजे बीएमआय: किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. दुसरी शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, जी औषधांच्या मात्रा ठरवताना नेहमी वापरतात. सेंटिमीटरमधील उंचीला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे, 3600 ने भागावे आणि येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे. उत्तर चौरस मीटरमध्ये येते. अवयवाचे आकारमान ताडण्यासाठी ही दुसरी संख्या अधिक उपयोगी आहे, कारण माणूस एकूण केवढा आहे हे ती सांगते. बीएमआय मात्र उंचीच्या मानाने वजन किती एवढेच सांगतो. बुटका आणि उंच अशा दोन माणसांचा बीएमआय सारखा असू शकतो, पण त्यांच्या अवयवांची आकारमाने सारखी असण्याचे काही कारण नाही.

वय

बालपणी आणि किशोरवयात स्वादुपिंड शरीराबरोबर वाढत जाते. अमेरिकी संशोधकांनी 135 मुले आणि 1,886 प्रौढांच्या सीटी स्कॅनवरून केलेला एक मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशी ते साठी या काळात घनफळ जवळपास स्थिर राहते आणि साठीनंतर उतरू लागते, असे दिसले. त्या स्थिर काळातील सरासरी एकूण घनफळ 72.4 घनसेंटिमीटर होते आणि प्रमाणित विचलन 25.8. याचा साधा अर्थ असा, की साधारण 47 ते 98 घनसेंटिमीटर ही सगळी नेहमी आढळणारी आकारमाने आहेत आणि या कक्षेबाहेरही कितीतरी निरोगी माणसे असतात. एकाचे घनफळ दुसऱ्याच्या दुप्पट असूनही दोघेही पूर्णपणे निरोगी असू शकतात, ही बाब मला सरासरीच्या आकड्याहून अधिक महत्त्वाची वाटते.

वयाबरोबर आणखी एक बदल होतो. स्वादुपिंडाच्या लहान लहान खंडांमधल्या जागेत चरबी साठत जाते, त्याच्या कडा दातेरी दिसू लागतात आणि सोनोग्राफीत तो अवयव अधिक पांढुरका, म्हणजे उजळ दिसतो. सत्तरीपुढच्या व्यक्तीच्या अहवालात ‘आकाराने लहान, उजळ’ असे लिहिलेले असेल, नलिका फुगलेली नसेल आणि तक्रारही नसेल, तर तो बहुधा वयोमानाचा परिणाम असतो. याउलट विशी-पंचविशीतल्या तरुणाचे स्वादुपिंड भरदार आणि गुळगुळीत कडांचे दिसणे स्वाभाविक आहे. ‘बल्की’ हा शेरा अशा तरुणांच्या अहवालांत आला, तर तो वाचताना वयाचा विचार आधी करावा.

लिंग आणि उंची

पुरुषांचे स्वादुपिंड सरासरीने स्त्रियांच्यापेक्षा मोठे असते. या फरकाचा बराच भाग पुरुषांची उंची व वजन जास्त असल्यामुळे येतो, म्हणून आधी शरीराच्या आकारमानाशी ताळा घालावा आणि मगच स्त्री-पुरुष हा भेद विचारात घ्यावा. उंचीबाबत फार काही सांगण्यासारखे नाही. उंच व्यक्तीचे स्वादुपिंड मोठे असण्याकडे कल असतो, पण एकट्या उंचीवरून अंदाज बांधणे कच्चे ठरते.

वजन आणि पोटातील चरबी

खरी गुंतागुंत इथे आहे. वजन जास्त असलेल्यांचे स्वादुपिंड मोठे असते हे वर सांगितलेल्या अभ्यासातही दिसले. स्थूल प्रौढांत एकूण घनफळ सुमारे 32 टक्क्यांनी जास्त होते. मात्र ही वाढ कशाची आहे हे वेगळे काढून पाहिले, तेव्हा पाचकरस आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या प्रत्यक्ष ऊतीची वाढ सुमारे 13 टक्केच होती, आणि स्वादुपिंडातील चरबीची वाढ सुमारे 68 टक्के होती. म्हणजे वजनाबरोबर अवयव मोठा दिसतो, पण त्या मोठेपणातला मोठा वाटा चरबीचा असतो. सोनोग्राफीतली जाडी या दोहोंना वेगळे करत नाही. तिथे फक्त अवयव अधिक उजळ दिसतो आणि ‘फॅटी पँक्रियाज’ असा शेरा येतो. सीटी स्कॅनवर घनतेवरून चरबी आणि ऊती वेगळी काढता येतात. एमआरआयच्या विशेष पद्धतींनी चरबीचे प्रमाण आणखी नेमके कळते.

ऊतीची ती 13 टक्क्यांची वाढ तरी का व्हावी, याची दोन कारणे समजून घेण्यासारखी आहेत. स्वादुपिंडाचा बहुतांश भाग पाचकरस तयार करणाऱ्या पेशींचा असतो. दिवसाला एक ते दीड लिटर रस या पेशी आतड्यात सोडतात, आणि आहार वाढला की त्यांचे कामही वाढते. दुसरे कारण इन्सुलिनचे. इन्सुलिन हे केवळ साखर आवरणारे संप्रेरक नाही, तर शेजारच्या पाचक पेशींच्या वाढीला पोषक ठरणारे द्रव्यही आहे, आणि स्थूल माणसाच्या रक्तात इन्सुलिनची पातळी चढी असते. याची उलट बाजू टाइप 1 मधुमेहात स्पष्ट दिसते. तिथे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि त्या पेशी असलेली बेटे संपूर्ण अवयवाच्या फार तर एक-दोन टक्के असूनही सगळे स्वादुपिंड लक्षणीय लहान होते. तीव्र कुपोषणातही पाचक पेशी आक्रसतात, आणि पुरेसा आहार मिळू लागल्यावर हा बदल बऱ्याच अंशी भरून निघू शकतो.

आपल्याकडच्या वाचकाने वजनाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात तर नवजात बालकांतही हीच ठेवण दिसली. ती बाळे सरासरी 2.7 किलो वजनाची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या 3.5 किलोच्या बाळांपेक्षा स्नायूंनी आणि पोटाच्या घेराने बरीच लहान होती, मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून बीएमआय 22 किंवा 23 आहे, एवढ्यावरून ‘माझ्या स्वादुपिंडात चरबी असणे शक्य नाही’ असे मानू नये. भारतीयांसाठी बीएमआय 23 पासून पुढे वजन जास्त आणि 25 पासून पुढे स्थूलपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगतात. स्वादुपिंडाच्या बाबतीत या दोहोंपैकी मी घेराला अधिक वजन देईन, कारण स्वादुपिंडातील चरबी पोटाच्या आतल्या चरबीबरोबर वाढते. दंड-मांड्यांवरच्या चरबीशी तिचे नाते तेवढे जवळचे नाही.

हीच ठेवण लक्षात घेता, युरोप-अमेरिकेतील सरासरी आकडे इथल्या अंगकाठीला जसेच्या तसे लावणेही योग्य नाही. सरासरी पाच फूट उंचीच्या, चाळीस-पंचेचाळीस किलोच्या स्त्रिया जिथे घरोघरी आहेत, तिथे 72 घनसेंटिमीटर ही संख्या प्रत्येकीने गाठायलाच हवी अशी रेषा होऊ शकत नाही.

ताळा कसा घालावा

दोन कल्पित व्यक्ती घेऊ. पहिली 68 वर्षांची स्त्री: उंची 150 सेंटिमीटर, वजन 45 किलो. दुसरा 32 वर्षांचा पुरुष: उंची 178 सेंटिमीटर, वजन 86 किलो. स्त्रीच्या शरीराचे क्षेत्रफळ सुमारे 1.37 चौरस मीटर येते आणि पुरुषाचे सुमारे 2.06. समजा, सीटी स्कॅनवर स्त्रीच्या स्वादुपिंडाचे घनफळ 52 आणि पुरुषाच्या स्वादुपिंडाचे 82 घनसेंटिमीटर भरले. नुसते आकडे पाहिले तर स्त्रीचे स्वादुपिंड पुरुषाच्या जेमतेम दोन-तृतीयांश आहे. पण क्षेत्रफळाने भागल्यावर दर चौरस मीटरमागे स्त्रीचे 38 आणि पुरुषाचे 40 घनसेंटिमीटर येते, म्हणजे फरक जवळजवळ उरत नाही. त्यात स्त्रीचे वय साठीच्या पुढचे आहे, हेही जमेस धरायला हवे.

आता त्याच पुरुषाच्या कमरेचा घेर 104 सेंटिमीटर आहे असे समजा. मग त्याच्या 82 घनसेंटिमीटरमधला किती भाग चरबीचा असेल, हा प्रश्न उभा राहतो, आणि वरवर सारखे दिसणारे ते दोन भागाकार प्रत्यक्षात सारखे नसण्याची शक्यता दिसू लागते. म्हणून आधी शरीराच्या आकारमानाने भागावे, मग वयाचा विचार करावा आणि शेवटी घेर पाहून चरबीची शंका तपासावी, हाच क्रम ठेवावा. घनफळ उपलब्ध नसेल आणि केवळ सोनोग्राफीतली जाडी असेल, तर भागाकार करत बसू नये; जाडीला तो हिशेब झेपत नाही. अशा वेळी केवळ ‘या वयाच्या, या बांध्याच्या माणसात हे अपेक्षित आहे का’ एवढाच प्रश्न डॉक्टरांना विचारावा.

आकारावरून जे कळत नाही

मोठे स्वादुपिंड म्हणजे जास्त इन्सुलिन, असे समीकरण नाही. इन्सुलिनच्या पेशी अवयवाच्या एक-दोन टक्के जागेत असतात आणि त्यांची संख्या व क्षमता बाहेरून मोजलेल्या मापावरून ओळखता येत नाही. साखरेसाठी उपाशीपोटीची तपासणी आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी तपासणी), तर पचनासाठी गरज पडल्यास शौचातील इलास्टेज या स्वादुपिंडाच्या पाचक द्रव्याची तपासणी, हेच योग्य मार्ग आहेत. टाइप 2 मधुमेहात स्वादुपिंड सरासरीने काहीसे लहान आणि ओबडधोबड कडांचे आढळते. न्यूकॅसल विद्यापीठातील रॉय टेलर यांच्या गटाने असेही दाखवले आहे, की वजन उतरवून ज्यांचा मधुमेह मागे हटला, त्यांच्या स्वादुपिंडाचे घनफळ पुढील दोन वर्षांत वाढले. चरबी घटत असताना झालेली ही वाढ चांगल्या अर्थाची होती. आकारमानातला बदल वाचताना त्यामागे काय घडते आहे हे पाहिलेच पाहिजे, ते यासाठी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

‘बल्की’ या शेऱ्याबरोबर वरच्या पोटात पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि उलट्या असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तीव्र स्वादुपिंडदाहाचे निदान करताना अशी कळ, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज या पाचक द्रव्यांची पातळी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असणे आणि प्रतिमांतील खुणा या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी पाहिल्या जातात. नुसत्या जाडीवर ते निदान होत नाही. नलिका फुगलेली असणे, अवयवात खडे किंवा गाठ दिसणे, एकाच भागाची जाडी भोवतालच्या भागांहून अचानक वेगळी असणे, कारण नसताना वजन घटणे, कावीळ, तेलकट व चिकट शौच, किंवा पन्नाशीनंतर वजन उतरत असताना नव्याने मधुमेह लागणे, यांपैकी काहीही असेल तर अंगकाठीचा हिशेब बाजूला ठेवून लगेच तज्ज्ञांना दाखवावे.

यांतले काहीच नसेल आणि डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी सुचवली असेल, तर ती शक्यतो त्याच केंद्रावर करावी. सहा ते आठ तास उपाशी राहून सकाळी जावे, म्हणजे आतड्यातील वायूचा अडथळा कमी होतो. स्वादुपिंड दिसत नसेल, तर तपासणारे डॉक्टर पाणी प्यायला देऊन भरलेल्या जठरातून पाहण्याचा किंवा बसवून तपासण्याचा प्रयत्न करतात. तसे सांगितल्यास सहकार्य करावे. जुना अहवाल आणि शक्य असेल तर जुन्या प्रतिमा सोबत न्याव्यात, आणि त्या वेळचे वजन व घेर जुन्या अहवालावर तारखेसह लिहून ठेवावेत, म्हणजे दोन मापांच्या मधल्या काळात शरीरात काय बदलले हेही तपासणाऱ्याला दिसेल.